मस्जिद बंदरला बंदर कुठे आहे?

ताडवाडीकर | रविवार, रात्री १०.४०

आज लेकीला घेऊन हार्बरने सीएसएमटीला चाललो होतो. डॉकयार्ड रोड गेलं, सँडहर्स्ट रोड गेलं, मस्जिद आलं. ती सातवीत आहे, हल्ली दिसेल ती पाटी वाचते. म्हणाली, "बाबा, पाटीवर नुसतं मस्जिद लिहिलंय. मग तुम्ही सगळे मस्जिद बंदर का म्हणता? आणि बंदर कुठाय?" मी पूर्वेकडे बोट दाखवलं. गोदामांचे पत्रे, उभे ट्रक, साखळीने बांधलेल्या हातगाड्या, त्यापलीकडे पी. डिमेलो रोड, मग पोर्ट ट्रस्टची भिंत. पाण्याचा थेंब दिसत नव्हता. मला तिला नीट उत्तर देता आलं नाही, आणि ते दिवसभर डोक्यात राहिलं.

माझे वडील गोदी कामगार. चौतीस वर्षं नोकरी. आम्ही माझगावात ताडवाडीच्या बीआयटी चाळीत वाढलो. वडिलांचा हूक अजून माझ्याकडे आहे. गोणी ओढायचा लोखंडी आकडा, त्याला आडवी लाकडी मूठ. ती मूठ मधोमध इतकी झिजली आहे की हातात धरली की आपली बोटं आपोआप त्यांच्या बोटांच्या जागी जाऊन बसतात. ते कामाचं ठिकाण सांगताना रस्त्याचं नाव कधी घेत नसत. "आज दाणाबंदरला होतो", "उद्या लकडी बंदर", "कोळसा बंदरावर गर्दी आहे". लहानपणी मला वाटायचं, सगळी मुंबई म्हणजे बंदरंच आहेत.

रात्री जुने नकाशे उघडून बसलो आणि इतकी वर्षं तिथे राहून जे दिसलं नव्हतं ते दिसलं. आमच्या भागातली अर्धी नावं पाण्याची आहेत, आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी आज पाणी नाही.

माझगाव हे सात बेटांपैकी एक स्वतंत्र बेट. ते आणि मूळ मुंबई बेट यांच्यामध्ये खाडी होती, भरतीला पाणी आत शिरायचं. ओहोटीला चिखल तुडवून लोक अलीकडे यायचे आणि पाय धुवायचे, ती पायधुणी. खाडीकाठी उंबर, ती उमरखाडी. बंदरावर चिंचा, ते चिंचबंदर. उंचवटा ती डोंगरी. रोज तिथून जाणाऱ्या माणसाला जे दिसलं ते त्याने म्हटलं आणि तेच नाव पडलं. १७८४ च्या सुमारास तिकडे हॉर्नबी वेलार्डचा बांध पुरा झाला, वरळीच्या बाजूने आत घुसणारं पाणी थांबलं आणि हळूहळू मधल्या खाजणाची जमीन झाली. पूर्वेला तर समुद्रच मागे ढकलला. आधी एल्फिन्स्टन कंपनीने, मग १८७३ पासून पोर्ट ट्रस्टने. १८८० ला प्रिन्सेस गोदी, १८८८ ला व्हिक्टोरिया, १९१४ ला अलेक्झांड्रा, म्हणजे आजची इंदिरा गोदी. चिंचबंदर होतं तिथेच राहिलं, समुद्र लांब गेला.

यातली एक गोष्ट वाचून मी उठून खिडकीशीच गेलो. प्रिन्सेस गोदी खणत असताना भरतीच्या रेषेखाली तीस फुटांहून खोल चिखलात झाडं लागली. एक-दोन नव्हे, तीनशेहून जास्त खोडं, खैराची, आणि कित्येक आपापल्या मुळांवर उभीच्या उभी! म्हणजे तिथे कधीकाळी जंगल होतं. मग समुद्र आला. मग गोदी झाली. आणि आता त्या गोदीतही भर पडली आहे. वडील ज्या पाण्याच्या कडेला उभे राहून गोणी उचलायचे तिथे आज कंटेनर ठेवतात.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. माझगाव हे नाव नक्की कशावरून? मस्जिद बंदरमधली मशीद कोणती? आणि तुमच्या घरात या भागातल्या नावांबद्दल काय सांगितलं जायचं? लेकीला उत्तर द्यायचं आहे, तेव्हा जे पक्कं आहे ते पक्कं म्हणून आणि जे ऐकीव आहे ते ऐकीव म्हणून सांगा.

खाडीकाठ | सोमवार, सकाळी ८.०५

हूकच्या मुठीबद्दल वाचून माझ्या मामांची आठवण आली. तेही गोदीतच होते.

उमरखाडीत आणखी एक जोडा. तिथला जुना तुरुंग, ज्याला डोंगरीचा तुरुंग म्हणायचे, तिथेच १८८२ साली टिळक आणि आगरकर १०१ दिवस होते. कोल्हापूर प्रकरणात. आगरकरांनी त्यावर लिहिलंही. पुढे त्याच जागी मुलांचं सुधारगृह झालं. खाडी गेली, उंबर गेला, भिंत राहिली.

शब्दांच्या_मागावर | सोमवार, सकाळी ११.३०

माझगावबद्दल तीन व्युत्पत्ती फिरत असतात. एक, "माझा गाव". दोन, मासळीवरून मच्छगाव किंवा मत्स्यग्राम. तीन, मधलं गाव. कोळ्यांची वस्ती होती म्हणून मासळीची व्युत्पत्ती लोकांना पटकन पटते. मला तिसरी खरी वाटते, आणि त्याचं कारण आपल्या घरातच आहे.

संस्कृत "मध्य" प्राकृतात "मज्झ" होतो. तोच मराठीत "माज" किंवा "माझ" होऊन उरतो. माजघर म्हणजे काय? ओटी आणि स्वयंपाकघर यांच्या मधली खोली, मध्यगृह. तसंच मज्झगाम, माझगाव. आता मासळीकडून येऊन पाहा. "मत्स्य"चा प्राकृतात "मच्छ" होतो आणि मराठीत "मासा". त्यातून फार तर मासगाव किंवा मच्छगाव मिळेल. हा "झ" कुठून आणायचा? ध्वनी बदलतात, पण वाटेल तसे बदलत नाहीत.

शिवाय हे नाव एकट्या मुंबईत नाही. सावंतवाडीजवळ माजगाव आहे, मुरूडजवळ मजगाव आहे. अशा सगळ्या गावांना मासळीवरून एकच नाव पडलं असं मानण्यापेक्षा, दोन वस्त्यांच्या मधल्या गावाला लोक सहज "मधलं गाव" म्हणतात हे मानणं सोपं. सावंतवाडीच्या माजगावाला तर समुद्रही नाही.

"माझा गाव" मात्र लेकीला नक्की सांगा. व्युत्पत्ती म्हणून नको. तिथे राहिलेल्या माणसांना ते तसं ऐकू येतं म्हणून.

दर्याची_लेक | सोमवार, दुपारी २.१५

आमचं मूळ मांडवी कोळीवाड्यातलं. आता घर नवी मुंबईत आहे, पण लग्नकार्याला, सणाला माणसं तिकडेच जमतात.

या सगळ्या पट्ट्याचं जुनं नाव मांडवी. स्टेशनला नाही, पण पोस्टाला, पोलीस चौकीला, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी मांडवीच. मांडवी म्हणजे जकातीचं ठाणं, माल उतरला की मोजदाद करून कर घ्यायची जागा. बंदर असलं की मांडवी आलीच. म्हणून रत्नागिरीतही मांडवी, कच्छातही मांडवी. आमच्या मांडवीत कच्छी व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे पुष्कळांना वाटतं नाव त्यांनी तिकडून आणलं. तसं मानायची गरज नाही. काम एक, म्हणून नाव एक.

एक मनातलं सांगते, राग मानू नका. मुंबईचा इतिहास लिहिताना "कोळ्यांची वस्ती होती" हे पहिलं वाक्य असतं आणि मग पोर्तुगीज येतात, इंग्रज येतात, कोळी परत काही दिसत नाहीत. १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान शिवडीला उतरला, माझगावचा किल्ला घेतला, इंग्रजांना कोटात कोंडून जवळजवळ सव्वा वर्ष बसला. त्या धामधुमीच्या काळात रुस्तम दोराबजी या पारशी गृहस्थाने कोळ्यांना एकत्र करून सिद्दीच्या माणसांशी झुंज दिली आणि कंपनीने त्यांना कोळ्यांची पाटीलकी दिली. रुस्तमजींचं नाव राहिलं ते योग्यच. पण बरोबर जे लढले त्यांच्यातल्या एकाचंही नाव आम्हाला सांगता येत नाही. कोळीवाडा एवढंच नाव उरलंय, तेही पाटी बदलली की जाईल म्हणून जीव खालीवर होतो.

अश्दोदहून | सोमवार, रात्री ९.५०

मी बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. जन्म मुंबईचा, गेली एकोणतीस वर्षं इस्रायलमध्ये अश्दोदला आहे. घरात अजून मराठी बोलतो, नातवंडं ऐकून हसतात पण समजतं त्यांना. मस्जिद बंदरचं नाव वाचून राहवलं नाही.

आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेलं असं: ही मशीद म्हणजे आमचं देऊळ. मांडवीतल्या सॅम्युअल स्ट्रीटवर शार हारहमीम नावाचं सिनेगॉग आहे, "दयेचं द्वार". मुंबईतलं सगळ्यांत जुनं, १७९६ चं. बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर, कंपनीच्या फौजेतले अंमलदार. हिब्रूत त्यांचं नाव शमुएल यहेज्केल. शमुएलचं सामाजी आणि यहेज्केलचं हसाजी, अशी आमची नावं कोकणात मराठी होऊन गेली होती. दिवेकर म्हणजे दिवे आगरचे. तसे पेणकर, नवगावकर, किहीमकर. आम्ही मूळचे अलिबागकडच्या किनाऱ्यावर तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद म्हणून आम्हाला शनवार तेली म्हणायचे.

सामाजी म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. आजी सांगायची, टिपूच्या आईने विचारलं तुम्ही कोण, तर म्हणाले बनी इस्राईल. कुराणात ते नाव आहे हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने जीव वाचवला. सुटून आल्यावर त्यांनी नवस फेडावा तसं हे देऊळ बांधलं. आमची जुनी माणसं सिनेगॉग हा शब्द वापरतच नसत, मशीदच म्हणत. शार हारहमीमला "जुनी मशीद". सॅम्युअल स्ट्रीट हे नाव याच सामाजींवरून.

आई शनिवारी तिथे घेऊन जायची. आत शिरलं की बाहेरच्या हातगाड्यांचा आवाज एकदम बंद झाल्यासारखा व्हायचा. लाकडी सज्जावर बायकांची जागा. मी कठड्याच्या फटीतून खाली वडिलांचं डोकं शोधत बसायचे.

कागदपत्रे | मंगळवार, सकाळी १०.२०

अश्दोदहून, तुमची आठवण फार सुंदर आहे, आणि सामाजी दिवेकर, १७९६, सॅम्युअल स्ट्रीट हे सगळं पक्कं आहे. फक्त "स्टेशनचं नाव सिनेगॉगवरूनच पडलं" हे वाक्य मी थोडं हळू म्हणेन.

या भागात मुसलमानांच्या मशिदी जुन्या आहेत आणि दर्यावर्दी वस्तीही जुनी आहे. नाखुदा मोहल्ला हे नाव घ्या. नाखुदा म्हणजे जहाजाचा कप्तान. कोकणी मुसलमानांमध्ये गलबतांचे मालक होते, रोगे घराण्यासारखी मोठी घराणी होती, आणि जवळची जामा मशीदही कोकणी मुसलमानांनीच उभी केली. १७७५ च्या सुमारास काम सुरू होऊन १८०२ ला पुरं झालं. मशीद एका जुन्या तलावावर कमानी घालून बांधली आहे, तळ्यात अजून मासे आहेत. म्हणजे सिनेगॉग आणि ही मशीद एकाच पंचवीस वर्षांतल्या.

दोन्ही समाज कोकण किनाऱ्यावरून आलेले, दोघांची घरची बोली मराठी-कोकणी वळणाची, दोघांच्या तोंडी प्रार्थनेच्या जागेला शब्द एकच. बंदरावर उतरलेल्या माणसाने "मशिदीपाशी चल" म्हटलं तर त्याच्या मनात कोणती होती ते तो कोणत्या घरचा यावर ठरायचं. सिनेगॉगची गोष्ट खूप ठिकाणी छापली गेली आहे म्हणून तीच एकमेव खरी, असं मुलीला सांगू नका. दोन्ही इमारती दाखवा.

अश्दोदहून | मंगळवार, दुपारी १.०५

पटलं. आजी हयात असती तर भांडली असती तुमच्याशी, पण पटलं. जामा मशिदीच्या तळ्यातले मासे आम्हीही दारातून बघितलेत.

पाखाडीतला | मंगळवार, संध्याकाळी ७.३०

मी माझगावच्या म्हातारपाखाडीतला ईस्ट इंडियन, म्हणजे इथला मूळचा मराठी ख्रिस्ती. आमच्याकडे अजून काही लाकडी जिन्यांची, नक्षीदार कठड्यांची घरं उभी आहेत. मधोमध क्रूस आहे, मे महिन्यात तिथे प्रार्थना असते. पाखाडी म्हणजे फरसबंद वाट, आणि तिच्या दोन्ही अंगांची वस्ती. गिरगावात, माझगावात पाखाड्या होत्या. आज लोक "मथारपॅकडी" असं काहीतरी वाचतात, कारण पाटी इंग्रजीतून मराठीत आली. आमच्या आजोबांनी ते ऐकलं असतं तर त्यांना ही कुठली परदेशी जागा असं वाटलं असतं.

माझगाव पोर्तुगीज राजाने १५७२ मध्ये डिसूझा ई लिमा घराण्याला वंशपरंपरेने दिलं होतं. तेव्हापासून इथे ख्रिस्ती वस्ती. मूळ ग्लोरिया चर्च माझगावातच होतं, आजचं भायखळ्याचं त्याचं वारस. माझगावचे आंबे तेव्हा इतके नावाजलेले की टॉमस मूर या आयरिश कवीने मुंबई न पाहता कवितेत त्यांचा उल्लेख केला. वर्षातून दोनदा फळणारी झाडं होती म्हणतात.

आणि ताडवाडीकर, तुम्ही ताडवाडी लिहिलीत म्हणून सांगतो. ताडवाडी, अंजीरवाडी, नारळवाडी. या सगळ्या खरोखरच्या वाड्या होत्या. आज अंजीरवाडीत अंजीर शोधून सापडणार नाही.

भंडारवाड्याच्या टेकडीवर जो बगीचा आहे तिथेच तो सिद्दीने पाडलेला माझगावचा किल्ला होता. टेकडीच्या पोटात पाण्याची टाकी आहे, १८८४ ची. बगीच्याला नाव जोसेफ बॅप्टिस्टा यांचं. काका बॅप्टिस्टा आमच्या पाखाडीतले. टिळकांचे जवळचे सहकारी, १९१६ च्या होमरूल लीगचे अध्यक्ष, गिरणी कामगारांचे पुढारी, १९२५ ला मुंबईचे महापौर. टिळकांच्या माणसांनी त्यांना "काका" म्हटलं आणि तेच नाव झालं. लेकीला त्या टेकडीवर न्या. तिथून गोदी दिसते.

मांडवीकाठी | बुधवार, सकाळी ९.००

मी पणजीची. आमच्या नदीचं नावही मांडवी, म्हणून दर्याची_लेक यांचा प्रतिसाद दोनदा वाचला.

तुमच्या मांडवीशी गोव्याचं आणखी एक नातं आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला तो पहिल्यांदा मांडवीत ओळखला, आणि ओळखणारे डॉक्टर आमचे हडफड्याचे आकासियो गाब्रियल व्हिएगश. धान्याची गोदामं, उंदीर, दाटीवाटीच्या खोल्या. गाठीचा ताप म्हणजे प्लेग असं त्यांनी सांगितलं तेव्हा ते ऐकायची कोणाची तयारी नव्हती. त्यांचा पुतळा मेट्रो सिनेमासमोर आहे, पण किती जण वर मान करून नाव वाचतात?

ताडवाडीकर | बुधवार, रात्री ११.१५

तुम्ही सगळ्यांनी एवढं दिलंत की कुठून सुरू करू कळत नाही.

प्लेगच्या प्रतिसादावरून एक धागा जुळला. प्लेगमुळे १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने हवा खेळावी म्हणून दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले, त्यात सँडहर्स्ट रोड आला, आणि घरं गेलेल्या गरिबांसाठी चाळी बांधल्या. त्या बीआयटी चाळी. म्हणजे मी ज्या दहा बाय बाराच्या खोलीत वाढलो ती मांडवीतल्या त्या तापामुळे उभी राहिली. हे मला आजवर माहीत नव्हतं.

आता माझ्या घरातलं सांगतो. आजी १९४४ च्या स्फोटाची गोष्ट सांगायची. १४ एप्रिल, दुपारचे चार वाजून गेले होते. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज लागलेलं. पोटात १,४०० टनांच्या आसपास दारूगोळा आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी. कापसाने पेट घेतला, आग विझेना, आणि दोन स्फोट झाले, साधारण अर्ध्या तासाच्या अंतराने. आजी नळावर होती. तिला वाटलं जपानी आले. घागर तिथेच टाकून ती पोरांना घेऊन भायखळ्याकडे पळत सुटली, अनवाणी. परत आली तेव्हा खिडक्यांना काच नव्हती आणि घरातली प्रत्येक वस्तू काळ्या भुकटीने माखलेली. मांडवीतलं धान्य कित्येक दिवस जळत होतं, त्या करपल्या वासाने तिला जन्मभर करपलेली भाकरी नकोशी झाली. आगीशी लढताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी. जहाजावर सोन्याच्या विटाही होत्या, त्या उडाल्या. गाळ काढताना त्यातल्या काही पुढे कित्येक वर्षांनी सापडल्या. वडील म्हणायचे, "लोक सोन्याचं विचारतात. माणसं किती गेली ते कोणी विचारत नाही."

भाऊच्या धक्क्याबद्दल कोणी लिहिलं नाही अजून.

रेवसची_लाँच | गुरुवार, सकाळी ७.४०

मी लिहितो. आम्ही अलिबाग तालुक्यातले, आमच्यासाठी मुंबई म्हणजे आधी भाऊचा धक्का आणि मग बाकीची.

भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. एकोणिसाव्या शतकातले मुंबईचे गृहस्थ. त्याआधी कोकणातून येणाऱ्यांना चिखलातून, कधी कोणाच्या खांद्यावर बसून किनारा गाठावा लागे, असं सांगतात. त्यांनी धक्का बांधला. इंग्रजीत त्याला फेरी व्हार्फ म्हणा, लोकांनी मानलं नाही. या किनाऱ्यावर गव्हर्नरांच्या नावाची बंदरं होती, कारनॅक बंदर त्यातलंच. आणि साध्या माणसाच्या घरगुती नावाचा हा एकच धक्का. मला त्याचा फार अभिमान वाटतो.

पण आमच्या घरात धक्क्याचं नाव निघालं की थोडा वेळ कोणी बोलत नाही. १७ जुलै १९४७, दिव्यांच्या अवसेच्या तोंडावर, सकाळी "रामदास" बोट धक्क्यावरून रेवसला निघाली. सणाला घरी जाणारी माणसं, पाऊस, वारा. काशाच्या खडकाजवळ लाटेने बोट कलली. माणसं एका बाजूला गेली आणि ती उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बिनतारी यंत्र नसल्याने मुंबईला तासन्‌तास पत्ता नव्हता. रेवसचे कोळी मासळी घेऊन मुंबईकडे येत होते, त्यांनी टोपल्या समुद्रात रिकाम्या केल्या आणि माणसं वर घेतली. माझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ त्या बोटीत होता. गिरणीत कामाला, पहिल्या पगाराचं लुगडं घेऊन आईकडे चालला होता. पणजी पुढे कधीही बोटीत बसली नाही. पनवेलवरून एसटीने यायची, कितीही वेळ लागो.

२०२० पासून धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते, गाडीसकट. परवा मी तिने गेलो. काशाचा खडक कोणत्या बाजूला असेल ते बघत उभा राहिलो.

खाडीकाठ | गुरुवार, दुपारी १२.१०

वाचून सुन्न झालो. पुढे काही लिहवत नाही.

डोंगरी_चारनळ | गुरुवार, रात्री ८.४५

इतकी नावं निघाली म्हणून विचारतो. जुलै २०२४ मध्ये विधिमंडळाने ठराव केला: सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, डॉकयार्ड रोडचं माझगाव, कॉटन ग्रीनचं काळाचौकी वगैरे. मला डोंगरी झालेलं आवडेल. सँडहर्स्ट कोण, तर १८९५ ते १९०० मधला गव्हर्नर. डोंगरी त्याच्या कितीतरी आधीची. इथल्या टेकडीवरचा किल्ला इंग्रजांनी १७६९ मध्ये पाडून शेजारी फोर्ट जॉर्ज बांधला, तरी नाव पुसलं गेलं नाही. मग स्टेशनवर का नसावं?

कागदपत्रे | गुरुवार, रात्री ९.३०

डोंगरीला माझं अनुमोदन. माझगावलाही. फक्त सगळी साहेबी नावं एका मापाने मोजू नका. डॉकयार्ड हे कोणाचं नाव नाही, तिथे गोदी होती आणि आहे. १७७४ पासून माझगावात जहाजं दुरुस्त होतात, आज त्याच माझगाव डॉकमध्ये युद्धनौका आणि पाणबुड्या बनतात. दारूखाना म्हणजे तोफांच्या दारूचं कोठार, पलीकडे गनपावडर रोड अजून आहे. कॉटन ग्रीन म्हणजे कापसाच्या गाठी. ही कामाची नावं आहेत.

आणि बदललेलं प्रत्येक नाव वाईट असतं असंही नाही. पी. डिमेलो रोड आधी फ्रियर रोड होता, गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या नावाचा. प्लासिड डिमेलो गोदी कामगारांचे पुढारी, चाळिशीच्या आत गेले. ज्या रस्त्यावर कामगार पहाटे रांग लावून उभे राहायचे त्या रस्त्याला त्यांच्या पुढाऱ्याचं नाव मिळालं. तो बदल मला शंभर टक्के मान्य आहे. कारनॅक पूल पाडून नवा बांधला आणि २०२५ मध्ये त्याला सिंदूर नाव दिलं, त्यात मात्र या जागेचं काहीच नाही.

ताडवाडीकर | गुरुवार, रात्री १०.२०

डिमेलोंबद्दल लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. त्यांचा फोटो आमच्या खोलीत शंकराच्या फोटोशेजारी होता.

डॉकयार्डचं माझगाव झालं तर मला आनंद होईल आणि थोडं वाईटही वाटेल, दोन्ही खरं. वडील "डाकयार्ड" म्हणायचे.

दर्याची_लेक | शुक्रवार, सकाळी ८.३०

काथा बाजार, भात बाजार, खांड बाजार हीपण विसरू नका. काथ्याच्या दोऱ्या, तांदूळ, साखर. भात बाजारात केशवजी नायकांची पाणपोई आहे, १८७६ ची, वर घड्याळ. ओझं वाहणारी माणसं तिथे पाणी प्यायची. माथाडी हा शब्दही त्याच गल्ल्यांतला, माथ्यावर ओझं घेतो तो. अण्णासाहेब पाटलांनी याच लोकांची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये माथाडींचा कायदा झाला. धान्याचा घाऊक बाजार पुढे वाशीला गेला. माझे दीर माथाडी, बाजारामागे तेही गेले.

ताडवाडीकर | रविवार, रात्री ९.५५

आज लेकीला घेऊन दिवसभर फिरलो. आधी सॅम्युअल स्ट्रीट, मग जामा मशीद. मग चिंचबंदर, तिथे तिने तीन जणांना चिंचेचं झाड कुठे आहे ते विचारलं. दोघे हसले. तिसऱ्या आजोबांनी सांगितलं, "बेटा, नाव आहे ना, झाड असणारच." पायधुणीला नळावर तिने खरंच पाय धुतले. शेवटी टेकडीवर, बॅप्टिस्टा बागेत. संध्याकाळी क्रेन दिसल्या, गोदीच्या पलीकडे पाण्याची एक पट्टी चमकत होती. तिने तिथे बसून वहीत नकाशा काढला. जिथे जिथे पाणी होतं तिथे निळा रंग दिला, त्यामुळे आमची चाळ एका बेटावर आली. मस्जिद स्टेशन तिने पाण्याच्या काठावर दाखवलं आहे आणि बाजूला दोन घुमट काढले आहेत, एकावर चंद्र आणि एकावर सहा टोकांची चांदणी. भाऊच्या धक्क्याजवळ एक छोटी बोट आहे. तिच्यावर "रामदास" लिहू का, असं तिने मला विचारलं. मी हो म्हटलं.

नकाशाचा फोटो उद्या टाकतो.

पाखाडीतला | रविवार, रात्री १०.३०

नक्की टाका. आणि तिने दारूखाना काढला असेल तर बघा, तो रे रोडच्या पूर्वेला यायला हवा. मुलं हमखास डॉकयार्डपाशी काढतात.

ताडवाडीकर | रविवार, रात्री १०.४५

डॉकयार्डपाशीच काढलाय! पेन्सिलीने आहे, सकाळी खोडायला सांगतो.